पुडीवर तारीख नसते

त्येनचिन, ३ मार्च २००१

प्रिय आत्या,

आधी बस. हातातला चहा खाली ठेव, आणि हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस. गिरणीच्या वसाहतीत भिंतींना कान असतात, हे तूच मला शिकवलंयस.

मी तुझ्याशी खोटं बोलले. शिक्षकांचं प्रशिक्षण वगैरे काही नाही. मी इथे एका खासगी दवाखान्यात आहे आणि माझ्या दोन्ही पायांची हाडं गुडघ्याखाली कापलेली आहेत.

ओरडू नकोस गं, ऐक. अपघात झालेला नाही. मीच कापून घेतली. उंची वाढवायला.

हाडाच्या वर आणि खाली लोखंडी कडी बसवलीत, त्यांतून सळया आरपार गेल्यात. दिवसातून चार वेळा पान्यानं स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. कापलेली टोकं केसाएवढी लांब सरकतात आणि मधल्या फटीत नवं हाड धरतं. दिवसाला मिलिमीटरसुद्धा नाही. पण जूनपर्यंत सहा सेंटीमीटर होतात. पाना मी स्वतः फिरवते. आता सवय झाली.

का, ते तुला विचारायची गरज नाही. शिक्षकभरतीच्या लेखी परीक्षेत मी जिल्ह्यात पहिली होते. शारीरिक तपासणीच्या दिवशी तू तिळाच्या भाकऱ्या घेऊन फाटकाबाहेर उभी होतीस. आत काय झालं ते मी तुला कधीच पुरतं सांगितलं नाही. त्या कारकुनानं पट्टी डोक्याला टेकवली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, "एकशे एकोणपन्नास! नियम एकशे पंचावन्नचा. पुढची!" मी म्हणाले, फळ्याच्या वरच्या टोकाला हात पोचला नाही तर स्टुलावर चढून लिहीन. तर म्हणतो कसा, "स्टुलावरून उतरलात की मागच्या बाकावरच्या मुलांना तुम्ही दिसाल का, बाई?" सगळे हसले. माझ्या जागी नववी आलेली मुलगी घेतली. सप्टेंबरला पुन्हा भरती आहे आणि लेखी परीक्षेचे गुण दोन वर्षं चालतात. तेव्हा मी एकशे पंचावन्न असेन.

पैसे आईच्या नावाच्या ठेवीतले आहेत. बाबांना कळू देऊ नकोस. वसाहतीच्या फाटकावरच्या फोनवर मी बोलणार नाही, तो पहारेकरी अर्ध्या वसाहतीला रेडिओसारखं ऐकवतो. पत्रच लिही.

एकच कटकट आहे. सळया जिथे कातडीतून आत जातात तिथून पाणी येतं. कडी निघेपर्यंत जंतूंवरचं औषध घ्यायला सांगितलंय. पण इथल्या खिडकीवर मिळतं ते कुठल्या कंपनीचं, देव जाणे. शेजारच्या खाटेवरची मियाओ यिंग म्हणते, निम्म्या गोळ्या खडूच्या असतात. तू सव्वीस वर्षं गिरणीच्या औषधखिडकीवर बसलीस. तूच सांग, काय घेऊ?

तुझी,
हुइरू


शिंगथाय, ९ मार्च

हुइरू,

मी बसले नव्हते. उभ्यानंच वाचलं आणि तशीच उभी राहिले. चुलीवर शेवया होत्या, त्यांचं पाणी आटून भांडं करपलं आणि शेजारची फू वहिनी पळत आली, काय जळतंय म्हणून. काय सांगू तिला? माझी भाची जळतेय म्हणून?

हाडं कापली! धडधाकट पायांची! अगं कार्टे, मी कोंबडीची तंगडी तोडायला घेतली की तू डोळे मिटून पलंगाखाली जायचीस. तुझी आई गेली तेव्हा सहा वर्षांची होतीस, हातभर पोर. त्या पायांना तेल लावून लावून मी तुला वाढवलं. दुसऱ्या कुणी ते कापले असते तर मी त्याच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आता तुझ्याच नावानं ओरडू का?

मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे तुला हजारदा सांगितलं. पण त्या कारकुनाचं बोलणं तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी आत शिरले असते आणि त्याच्या पट्टीनंच त्याची जीभ मोजली असती. सहा महिने मनात ठेवलंस आणि मग जाऊन पाय कापून घेतलेस. तुझ्या जिवाला काही झालं असतं तर मी तुझ्या बापाला काय तोंड दाखवलं असतं?

रडून झालं माझं. कापलेलं हाड शिव्यांनी जुळत नाही. आता माझं ऐक.

सोबत लाल बोरं, काळा गूळ आणि औषध पाठवतेय. टेट्रासायक्लिन आहे. सकाळी दोन, रात्री दोन. आठवड्याची एक अशा पुड्या बांधल्यात, वर तुझं नाव आणि वेळ लिहिलीय, गिरणीत बांधायचे तशाच. हल्ली बाजारात मिळतं ते औषध नव्हे, रंगवलेलं पीठ. माझ्याकडचं सरकारी कारखान्याचं आहे, चोख. गिरणी बंद झाली, दवाखाना बंद झाला, पण कपाट माझं मी सांभाळून ठेवलंय. अख्खी वसाहत त्यावर उभी आहे. अजून मला तान डॉक्टर म्हणतात, उगाच नाही.

तिथल्या लोकांना पुड्या दाखवू नकोस. त्यांना त्यांचंच विकायचं असतं, नाक मुरडतील.

छुनशेंगला मी काही सांगितलेलं नाही. परवा येऊन विचारत होता, पोरगी फोन का करत नाही. भावाशी खोटं बोलायला लावलंस तू मला या वयात.

तुझी आत्या


त्येनचिन, २८ मार्च

प्रिय आत्या,

तुझ्या शिव्या वाचून इतकं बरं वाटलं की मी पत्र उशाखालीच ठेवलंय. मियाओ यिंगला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अशी आत्या मला असती तर मी इथे आलेच नसते. ती मूळचीच एकशे साठ आहे, तिला सहासष्ट व्हायचंय. कशाला, तर होणाऱ्या सासूनं साखरपुड्यात तिच्या बुटांच्या टाचा किती उंच ते वाकून बघितलं. आम्ही दोघी पाना फिरवताना एकदम ओरडतो, म्हणजे कोण जास्त रडतं ते नर्सला कळत नाही.

अडीच सेंटीमीटर झाले! मी एकशे एकावन्न पॉइंट पाच आहे. झोपूनच.

पुड्या नेमानं घेतेय. इथली औषधं घ्यायची बंद केली. नर्सला सांगितलं बाहेरून आणते, तिनं खांदे उडवले. सळयांचं पाणी कमी झालंय असं वाटतं. कधी वाटतं, कधी नाही.

फक्त पोट बिघडलंय. सकाळी उलटी होते. आणि तहान, आत्या! घशात कापूस कोंबल्यासारखी. थर्मास रिकामा करते, आणि मग दर तासाला भांडं मागते, नर्स वैतागली. इथल्या कोबीत तेल फार असतं, त्याचंच असणार.

बाबांना सांग, अभ्यास चांगला चाललाय.

तुझी हुइरू


शिंगथाय, ४ एप्रिल

हुइरू पोरी,

अंगात उष्णता साठली, दुसरं काय. महिनाभर उताणी पडून राहिलीस, वर तेलकट कोबी. मुगाचं पाणी पी, गार करून. औषध पोटाला जड वाटत असेल तर जेवणानंतर घे, पण सोडू नकोस. हाडात जंतू गेला की माणूस पांगळा होतो. गिरणीत चक्रात हात गेलेली माणसं मी पाहिलीत, तू नाही पाहिलीस. पाणी अजून येतं म्हणतेस, तर सकाळी तीन, रात्री तीन कर. आणखी सहा पुड्या पाठवतेय.

छुनशेंगनं तुझ्यासाठी कातडी बूट बघून ठेवलेत, मास्तरीणबाईला शोभतील असे. माप मागत होता. मी म्हटलं, थांब जरा, पोरीचे पाय अजून वाढतायत. तो हसला. मी मागे वळले आणि डोळे पुसले.

आज आठ जण आले होते औषधाला. हिवाळा सरला तरी खोकले सरत नाहीत.

तुझी आत्या


त्येनचिन, २ मे

आत्या,

हे पत्र जलद टपालानं टाकतेय. उत्तरही तसंच दे.

काल एक्स-रे झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली. मग मला दाखवली. वर हाड, खाली हाड, आणि मध्ये काहीच नाही. आत्या, काहीच नाही गं. एव्हाना तिथे ढगासारखं पांढरं दिसायला हवं होतं. मियाओ यिंगचं दिसतं. माझ्या पायात मध्ये साडेचार सेंटीमीटर नुसता काळोख आहे.

त्यांनी खोदून खोदून विचारलं, काय खातेस, काय पितेस. शेवटी मी पुडी काढून दिली. त्यांनी एक कॅप्सूल उघडली. आतली पूड पिवळी नव्हती, तपकिरी होती, शिळ्या चहाच्या चोथ्यासारखी. त्यांनी विचारलं, "खोकं कुठाय? तारीख काय?" पुडीवर कुठली तारीख असायला. ते म्हणाले, हे औषध जुनं झालं की मूत्रपिंडाला धरतं, मग हाडाला लागणारं सगळं लघवीवाटे वाहून जातं. असं असेल तर आजच थांबायचं आणि स्क्रू उलटे फिरवून टोकं पुन्हा जवळ आणायची. जेवढी वाढली तेवढी जवळजवळ सगळी उंची परत द्यायची. तारीख ठीक असेल तर मात्र वेग थोडा कमी करून पुढे जाता येईल, हाड कधी कधी उशिरा धरतं.

मी एकशे त्रेपन्न पॉइंट पाच आहे. दीडच राहिलाय.

तू खोकं बघ. तारीख बघ. मला खात्री आहे की ती ठीकच असेल, तू कधी चुकतेस का! पण त्यांना लेखी हवंय. तुझं पत्र आलं की मी त्यांना दाखवीन. लवकर लिही, आत्या. चांगलं लिही.

हुइरू


शिंगथाय, ८ मे

हुइरू,

हे कुठले डॉक्टर? कालचं पोर असणार. मी औषधाच्या खिडकीवर बसले तेव्हा त्याची आईसुद्धा शाळेत जात असेल. माझ्या औषधाला नावं ठेवतो! सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक गोळी चुकलेली नाही. आदर्श कामगार म्हणून दोनदा लाल फूल लावलंय माझ्या छातीवर, अख्ख्या गिरणीसमोर. त्याला सांग ते.

खोकं बघितलं. दोन वर्षं बाकी आहेत.

तरी पण पोटाला त्रास होतोय म्हणतेस तर आता त्या पुड्या बंद कर. पुष्कळ झाल्या. फार दिवस एकच औषध घेऊ नये. तिथलं दुसरं काहीतरी घे, थोडे दिवस. ऐक माझं.

पैसे पाठवू का? गाजरं उकडून खा, हाडाला चांगली. इकडे वारा फार सुटलाय, तोंडात माती जाते.

आत्या


त्येनचिन, ९ जून

आत्याबाईंना नमस्कार,

माझं नाव मियाओ यिंग. मी हुइरूच्या शेजारच्या खाटेवरची. तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमची पत्रं मी ऐकलीत. हे पत्र मी लिहितेय कारण हुइरूला पेन धरवत नाही.

घाबरू नका असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू. सोमवारी सकाळी तिचे हात गळून पडले. चमचा उचलेना. छातीत धडधड, श्वास लागला. दवाखान्यानं हात वर केले, मग तिला इथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवलं. मी कुबड्यांवर तिला बघायला आले, तिच्या खाटेशीच बसून लिहितेय. तिचा चेहरा मेणासारखा झालाय. रक्तातले क्षार फार उतरलेत, सलाइन चालू आहे. लघवीत साखर जाते, रक्तात मात्र साखर वाढलेली नाही. चार डॉक्टर आळीपाळीनं येतात आणि मान हलवतात. हाड तर धरतच नाहीये. एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पायांचं सोडा, मूत्रपिंडं जातील.

त्यांनी तिला विचारलं, जुनं काही औषध पोटात गेलंय का? तिनं तुमचं पत्र काढून दाखवलं. म्हणाली, माझी आत्या औषधातली जाणकार आहे, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी तारीख बघितलीय, हे बघा, दोन वर्षं बाकी आहेत. त्यांनी वाचलं आणि कागदावरचं ते कारण खोडून टाकलं. आता ते दुसरं काहीतरी शोधतायत. कुठला वंशपरंपरेचा आजार आहे का म्हणून तिच्या आईबद्दल विचारत होते.

आत्याबाई, मी शिकलेली नाही. पण ती सोमवारपर्यंत त्याच पुड्या घेत होती. मी बघितलंय. तुम्हाला काही माहीत असेल तर कळवा. फोन नंबर खाली लिहिलाय, परिचारिकांच्या टेबलावरचा आहे.

मियाओ यिंग


शिंगथाय, १२ जून

हे पत्र हुइरूच्या डॉक्टरांना आधी द्यावं.

डॉक्टर, मी तान युएझन, तिसऱ्या सूतगिरणीच्या दवाखान्यातली निवृत्त औषधवाटप कामगार. माझ्या भाचीला मी दिलेलं टेट्रासायक्लिन नोव्हेंबर १९९१ ला बाद झालेलं आहे. साडेनऊ वर्षं. ती ते ९ मार्चच्या माझ्या पार्सलापासून घेतेय, एप्रिलपासून रोज सहा. खोक्याचा तुकडा सोबत जोडलाय. फोनवरही हेच सांगितलंय. तिच्या आईला कुठलाही आजार नव्हता, ती गिरणीत बॉयलर फुटून गेली. कृपा करून दुसरीकडे शोधू नका.

हुइरू, आता तुला.

तुझं मेमधलं पत्र आलं तेव्हा माझा चष्मा दुरुस्तीला दिला होता. फू वहिनीनं वाचून दाखवलं. समोर पाच माणसं औषधाला बसलेली, तिचा खोकणारा नातू तिच्या मांडीवर. "तपकिरी" असं तिनं वाचलं. पोरी, मला माहीत होतं. टेट्रासायक्लिन तपकिरी झालं की विष होतं, हे आम्हाला प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पंचवीस मुलींत मी पहिली आले होते. पण वर्षानुवर्षं मी एकही कॅप्सूल उघडून बघितली नव्हती. खोक्यातून पुडीत, पुडीतून लोकांच्या हातात. पुडीवर तारीख नसते आणि मग माणूस तारीख विसरतो. मी विसरले होते, असं म्हणायला मला आवडेल. पण मी विसरले नव्हते, मी बघायचं टाळलं होतं. गिरणी बंद झाल्यावर लोकांना औषध देणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मला तान डॉक्टर म्हणणारं दुसरं काही उरलं नव्हतं.

फू वहिनीनं कागद खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तान डॉक्टर, काय हो तारीख?" माझ्या तोंडून निघून गेलं, दोन वर्षं बाकी आहेत. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ते गेल्यावर मी खोकं काढलं, भिंगातून बघितलं. एकदा नाही, तीनदा बघितलं. आणि तरी तुला तेच लिहिलं. खाली "बंद कर" असं लिहिलं आणि स्वतःची समजूत घातली की झालं, पोरगी वाचली. लाज राखली आणि पोरही राखली. किती हुशार मी!

मी तुला मारलं असतं, हुइरू. तुझ्या आईनं माझ्या ओटीत टाकलेली पोर. या हातांनी पुडी बांधून, वर तुझं नाव लिहून.

छुनशेंगला सगळं सांगितलं. तुझे पाय, माझं औषध, सगळं. तो उठला. बूट घातले आणि स्टेशनवर गेला. हे पत्र पोचायच्या आत तो तिथे असेल. मी "मीही येते" म्हटलं तेव्हा त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी दारातच थांबले.

काल दारोदार फिरले, पुड्या परत मागायला. प्रत्येक दारात तारीख सांगितली, मोठ्यानं. एकतीस घरं. कुणी शिव्या दिल्या, ते बरं वाटलं. पण सात घरांनी पुड्या परत दिल्याच नाहीत. फू वहिनी म्हणते, "असू द्या हो, तुमच्या हातचंच लागू पडतं." मी तिच्या नातवाला उचललं, बाहेर आणलं आणि अंगणातच बसून रडले, तेव्हा कुठे तिनं डबा काढून दिला. मिळालं ते सगळं गिरणीच्या जुन्या हौदात ओतलं, वर चुना टाकला.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायची माझी लायकी नाही. जग फक्त. उंची गेली खड्ड्यात. जग.

आत्या


त्येनचिन, २ सप्टेंबर

आत्या,

माझ्याच हातानं लिहितेय. अक्षर बघ, गिरवल्यासारखं येतंय, पण येतंय.

मूत्रपिंडं सुधारली. डॉक्टर म्हणतात, पुड्या थांबल्यावर दोन महिन्यांत लघवी स्वच्छ झाली, नशीब समज. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एकशे चोपन्न पॉइंट पाच होते. अर्धा सेंटीमीटर राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून स्क्रू उलटे फिरवायला सुरुवात केली. पाना मीच मागून घेतला. रोज एक मिलिमीटर कमी, चाळीस दिवस. वाढताना दुखत होतं त्यापेक्षा हे जास्त दुखतं, खोटं नाही सांगत. हाडात नाही, दुसरीकडे कुठेतरी. बाबा समोर बसून भिंतीकडे बघायचे. आता मध्ये पांढरा ढग धरलाय. छोटासा आहे, पण आहे. परवा मला कुबड्यांवर उभं करून मोजलं. एकशे पन्नास आणि अर्धा. कडी अजून पाच महिने राहतील. डावा पाय थोडा ओढावा लागेल, बहुतेक कायमचा.

काल शाळा सुरू झाल्या. खिडकीतून पोरं जाताना दिसतात.

आता तुला एक सांगायचंय. तुझं जूनचं पत्र बाबांनी मला वाचून दाखवलं. तू सगळं स्वतःवर घेतलंस. मी सहा आठवडे गप्प राहिले, कारण तसं राहणं सोयीचं होतं. पण तू एकतीस दारांत जाऊन खरं बोललीस, आणि मला एका माणसाला खरं सांगवत नव्हतं.

तू मेमध्ये लिहिलंस, दोन वर्षं बाकी आहेत. आणि त्याखाली लिहिलंस, पुड्या बंद कर. त्या दोन ओळी एकत्र वाचल्या तर शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. औषध चांगलं असतं तर तू कधी बंद कर म्हणाली असतीस? तू? तू तर दोनाच्या तीन केल्या होत्यास. मी तो कागद बरोबर त्या ओळीच्या वर दुमडला, नखानं घडी दाबली आणि वरचा भाग डॉक्टरांना दाखवला. सरकारी इस्पितळातही तसाच दुमडलेला दाखवला. आणि पुड्या घेत राहिले, कारण त्या थांबवल्या असत्या तर मला माझ्याशी कबूल करावं लागलं असतं. मला खरं नकोच होतं. म्हणून तर मी कॅप्सूल तपासायला दिली नाही, तुला पत्र लिहिलं. "चांगलं लिही" असं बजावलं. मला तुझ्याकडून दीड सेंटीमीटर हवा होता आणि तो तू दिलास.

हे बाबांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "दोघी एकाच पिठाच्या." सहा आठवड्यांत त्यांनी तुझा उल्लेख केला तो हा पहिलाच.

याचा अर्थ मी तुझ्यावर रागावलेली नाही असा नाही. प्रचंड रागावलेय. कधी कधी पाय ठणकतो तेव्हा तुझं नाव घेऊन इतकं वाईट बोलते की शेजारची बाई कानावर हात ठेवते. पण पत्रात रागावून भागत नाही. लिहायला बसले की तू समोर नसतेस, आणि मग मी तुला काय हवं ते ऐकवते, तू मला काय हवं ते ऐकवतेस. बघितलंस ना कुठे आलो.

शनिवारी सकाळची गाडी आहे. चौथा मजला, बारा नंबरची खाट. बाबा बोलणार नाहीत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. येताना काही आणू नकोस, रिकाम्या हातानं ये. मला तुझ्या तोंडाकडे बघून भांडायचंय.

हुइरू